चपला घालताना

संयोगिता, मधे एक अक्षर बोलू नकोस, नुसतं ऐक. तुझे प्रश्न शेवटी.

आम्ही तिघं हरिपुरात एका अनोळखी म्हाताऱ्याच्या घरी पुढच्या सोप्यात बसलोय. चहा पिऊन झालाय. यंदा कारखान्यांनी ऊस कसा लवकर उचलला ते बोलून झालं, पुराचं पाणी भिंतीवर कुठवर आलेलं ते बघून झालं, साईराजच्या मामाचं गाव नेमकं कुठलं तेही निघालं. आणि महेंद्रदादा, ज्याच्यासाठी आम्ही पहाटेची एसटी धरून फलटणहून आलो, तो रिकामी बशी हातात धरून म्हाताऱ्याला विचारतोय, "मग गुडघं आता कसं हायती, बाबा?"

मी साईराजकडं बघितलं, साईराजनं माझ्याकडं. संध्याकाळी परीक्षेच्या हरकतीची लिंक बंद होणार होती आणि हा गुडघे विचारत होता.

थांब, तुला महेंद्रदादा कोण ते सांगते आधी.

आमची अभ्यासिका खताच्या दुकानाच्या वर आहे. खिडकी उघडली की युरियाचा वास. तिथं सगळ्यात जुना महेंद्रदादा. किल्ली त्याच्याकडंच. सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट लावतो, मग येऊन कुलूप उघडतो, झाडतो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. त्याच्या मागून आलेली पोरं तलाठी झाली, पोलीस झाली, एक तर मिलिटरीत जाऊन रिटायर व्हायला आलाय म्हणतात. सगळे पेढे घेऊन येतात. दादा पेढा खातो, बॉक्सवर कुठल्या दुकानाचा ते वाचतो आणि परत खुर्चीत. कुणी हळहळलं तर म्हणतो, "पेढं चांगलं हायती, पण मागच्या वर्षीचं जास्त ताजं हुतं."

पण उतारा म्हणशील तर त्याचा हात कुणी धरायचा नाही. परीक्षेत तो प्रश्न असतो बघ, लेखकाचा मुख्य हेतू कोणता? माहिती देणे, पटवून देणे, सावध करणे, वर्णन करणे. चारी पर्याय सख्ख्या भावांसारखे, एकाला झाकावं न् दुसऱ्याला काढावं. नवी पोरं तिथंच मरतात. मीही मरायचे. पहिल्याच रविवारी दादानं आम्हाला समोर बसवलं आणि पुस्तक मिटूनच ठेवलं.

"रेश्मा, तुमच्या घरी पाहुणा येतो का?"

म्हटलं, "येतो की."

"काय बोलतो?"

"पावसाचं. उसाचं. आज्जीला काय खाती, काय न्हाई ते इचारतो."

"मग त्यासाठी आलेला असतो का?"

"न्हाई."

"कशासाठी आलाय ते कवा कळतं?"

मी जरा विचार केला. आणि खरंच गं, आमच्या अण्णांकडं येणारा प्रत्येक माणूस डोळ्यांपुढं आला. पाणी पितो, चहा पितो, तासभर जगाचं बोलतो, उठतो, दारात जातो, एक पाय चपलेत घालतो आणि मग म्हणतो, "बरं, ते आमच्या पोरीच्या स्थळाचं जरा बघा की."

"चपला घालताना," मी म्हटलं.

"तो मुख्य हेतू," दादा म्हणाला. "बाकीचा उतारा. परीक्षेवाला पर्याय काढतो ते चहातनं काढतो. चहाला भुलू नका. लेखक उठून कवा निघतो ते बघा. शेवटची ओळ बघा."

बास. तेव्हापासून माझा उतारा चुकलेला नाही. आमच्याकडं कुणी अवघड पर्यायावर अडलं की नुसतं म्हणतात, "चपला बघ, चपला."

आता मुद्द्यावर. यंदा ती लिपिकाची भरती निघाली, तुला माहितीये. दादाची शेवटची. वय संपतं त्याचं. त्यानं फॉर्म भरताना जन्मतारीख टाकली तेव्हा पडद्यावर लाल रेघ आली नाही म्हणून त्यानं चहा पाजला सगळ्यांना, यावरनं ओळख. पेपर झाला, उत्तरं बाहेर आली, सगळ्यांनी आपापले मार्क ग्रुपवर टाकले आणि अंदाज निघाला. दादा बरोबर एका प्रश्नानं बाहेर. आणि चुकलेल्यातला एक प्रश्न कुठला सांगू? उतारा. लेखकाचा मुख्य हेतू.

साईराज हसला आधी. त्याला वाटलं दादा गंमत करतोय. मग दादानं मोबाइल पुढं केला.

उतारा हळदीच्या पेवांवर होता. पेव माहितीये ना? हरिपूरला जमिनीखाली खोल खड्डे असायचे, तोंड अरुंद, आत रांजणासारखे फुगलेले. आत हळद भरायची, वरनं मातीनं तोंड बंद. वर्षानुवर्षं टिकायची म्हणे. उताऱ्यात ते सगळं छान होतं, खाली पाचट कसं घालतात, तोंड कसं लिंपतात. आणि शेवटी होतं, पेव उघडलं की लगेच उतरू नये, आत हवा मेलेली असते, आधी दोराला बांधून पेटता कंदील तळापर्यंत सोडावा, तो विझला तर माणसानं उतरू नये. संपला उतारा. दादानं चपला बघितल्या आणि पर्याय ब लावला, धोक्याबाबत सावध करणे. त्यांचं उत्तर अ, साठवणुकीच्या पारंपरिक पद्धतीची माहिती देणे.

"हरकत घे," मी म्हटलं.

"पुरावा काय जोडू? गणिताला पुस्तकाचं पान जोडता येतं. हेतूला काय जोडणार?"

तेव्हा साईराज जे बोलला ना! हा पोरगा अभ्यासिकेत वर्षभर काही कामाचं बोललेला नाही. म्हणाला, "लेखकालाच इचारू की रं. त्येच्यापरास जास्त कुणाला ठावं आसंल?"

दादा म्हणाला, "उताऱ्याचे लेखक मेलेले असतात, गड्या."

पण मी उताऱ्याची एक ओळ मोबाइलवर शोधली, आणि एका सांगलीच्या ग्रुपवर कुणीतरी तोच्या तोच मजकूर टाकलेला सापडला. खाली नाव, जालिंदर होवाळ, हरिपूर. हळद व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेतून. मी त्या ग्रुपवर विचारलं. अर्ध्या तासात कुणीतरी कळवलं, जालिंदरतात्या ना, आहेत की, घाटाच्या रस्त्याला घर, दाराशी जांभळाचं झाड. हरकतीची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. म्हणून पहाटेची एसटी.

तर आम्ही त्या सोप्यात. म्हातारा उंच, अंगात गंजी, आवाज अजून खणखणीत. आल्या आल्या "कुणाचं तुमी?" मग गाव, आडनाव, आजोळ. सून प्रियंका, अंगणवाडीत आहे, तिनं चहा केला. आणि आमचा महेंद्रदादा काय ते बोलायला तयार नाही. गुडघे झाले, मग जांभळं कधी लागतात ते झालं. मग दादा उठला. "बरं, येतो बाबा," म्हणाला. मला वाटलं आता हा खरंच निघाला! दारात गेला, एक पाय चपलेत घातला आणि खाली बघत म्हणाला, "बाबा, एक काम हुतं."

साईराजला ठसकाच लागला.

म्हातारा हसला. "मला ठावंच हुतं. नुसत्या चहाला फलटनास्नं कोन येतंय? बस माघारी."

दादानं छापून आणलेला उतारा दिला आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्मा लावला. ओठ हलवत वाचत होता. मधे एकदा म्हणाला, "व्हय, हे माजंच हाय." शेवटाला आला, कागद उलटला. मागं कोरा.

"म्होरलं कुटं हाय?"

"एवढंच हाय, बाबा," दादा म्हणाला. "कंदिलापाशी संपतं."

"कंदिलापाशी कसं संपंल?" म्हाताऱ्यानं परत कागद सुलटा केला, परत उलटा केला. "प्रियंका, ते आन गं."

साईराजला घाई. तो पुढं सरकला. "आवं बाबा, तुमाला लोकांस्नी सावधच करायचं हुतं न्हवं? एवढं सांगा फकस्त."

"कुनाला सावध करू?" म्हातारा म्हणाला. "पेवं ऱ्हायलीत कुटं आता? पुरात पानी शिरलं, मुजली बरीच. कोन उतरतंय आता त्यात? उंदीर?"

"मग म्हाइती द्यायची हुती?"

"म्हाइती कुनाला? स्मरनिका व्यापाऱ्यांची. त्यास्नी ठावं न्हाई का पेव काय आसतंय ते?"

अ गेला, ब पण गेला. दादानं बशी परत हातात घेतली होती, चहा संपलेली.

प्रियंकावहिनी स्मरणिका घेऊन आल्या. वर व्यापाऱ्यांचे फोटो, फेटे, हार, जाहिराती. म्हणाल्या, "मामांनी सांगितलं नि मी लिहिलं. संपूर्ण रात जागवली नाही, पण दोन दुपारी खाल्ल्या त्यांनी माझ्या." पान उघडलं. तोच मजकूर, कंदील, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ. आमच्या उताऱ्यात ती नव्हती. ग्रुपवरच्या पोस्टमध्येही नव्हती.

दादानं मोठ्यानं वाचली. "आमच्या पेवात पहिला उतरायचा तो माझा थोरला भाऊ धनाजी दत्तू होवाळ."

मग म्हातारा आपणच बोलायला लागला. ट्रक दारात लागलेला होता म्हणे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कंदील आणायला कोण घरी जातंय, म्हणून धनाजी म्हणाला, "आसू दे, मी बघतो," आणि उतरला. दोर परत हललाच नाही. एवढंच सांगितलं त्यानं, वर काही लावलं नाही.

"दुसऱ्या दिशी पेपरात आलं," म्हणाला. "पेवात गुदमरून हमालाचा मृत्यू. एका हमालाचा. नाव न्हाई. मी तवा पेपरवाल्याकडं गेलतो. म्हनला, पुढच्या येळंला टाकू. पुढची येळ कशी येनार, तूच सांग? मग हे व्यापारी आलं, तात्या, आता तुमीच एकटं ऱ्हायलाय, चार ओळी द्या म्हनलं. म्हनलं, देतो. आता नुसतं नाव कोन छापतंय? म्हून वर हळद घातली."

संयोगिता, मी एवढे उतारे सोडवले. हे उत्तर कुठल्याच पर्यायात कधी वाचलं नव्हतं.

म्हातारा दादाकडं वळला. "पर तुजं काय आडलंय पोरा? ह्या प्रश्नावर तुजी नोकरी हाय?"

साईराजनं सांगून टाकलं. एक प्रश्न, शेवटची संधी, वय. दादा त्याला "गप रं" म्हणत होता.

"मंग लिव्हा की," म्हातारा म्हणाला. "सावध करने. सही करतो मी. माजा हेतू काय हुता ते आता मीच बदलला, कोन आडवतंय? धनाजी बी न्हाई म्हनला नसता. लय माया हुती त्याला पोरांवर."

"खोटं हुईल, बाबा," दादा म्हणाला.

"खोटं कशानं? तुमी उतरू नका म्हनतोय न्हवं मी? न्हाई म्हनतोय?"

वहिनींनी कागद दिला, दादानं लिहिलं, म्हाताऱ्यानं सही केली. एकदम गोल, शाळेतल्यासारखी सही. साईराज उठला सुद्धा. परतीची गाडी गाठायची होती. आम्ही पाया पडलो, दारात आलो, चपला घालायला लागलो. म्हातारा चौकटीला धरून उभा. माझा एक पाय चपलेत होता तेव्हा तो म्हणाला, "बरं, ते पाठवशीला, त्यात धनाजीचं नाव तेवडं घाला."

दादा म्हणाला, "घालतो."

बाहेर पडल्यावर साईराज माझ्या कानाशी, "ऐकलंस? चपला." हसत नव्हता तो.

विट्याच्या स्टँडवर गाडी थांबली. पुढं रेंज जाते म्हणून तिथंच हरकत टाकायची ठरली. वडापाववाल्याच्या बाकड्यावर बसलो, मोबाइल माझ्या हातात, कारण माझं टायपिंग जोरात. लॉगिन झालं, प्रश्न उघडला, पर्याय ब वर टिचकी मारली. आणि बघते तर फाइल जोडायचं बटणच नाही. बाकीच्या विषयांना होतं, उताऱ्याला नाही. फक्त एक चौकोन. स्पष्टीकरण लिहा. कोपऱ्यात उरलेली अक्षरं दिसतात, टाइप करू तशी कमी होत जातात.

म्हणजे सहीचा कागद गेला बाराच्या भावात.

"असू दे," साईराज म्हणाला, "मजकूर टाक." मी टाकला. आधी कंदिलाची वाक्यं उताऱ्यातनं जशीच्या तशी, मग शेवटची ओळ हीच आहे, उतरू नये असा स्पष्ट इशारा आहे, प्रत्यक्ष लेखकाला भेटून खात्री केली आहे, सबब पर्याय ब. छान बसलं गं. नुसतं वाचलं तरी पटेल असं. मग धनाजीचं नाव टाकायला गेले आणि चौकोन भरला. होवाळमधलं हो आलं आणि पुढं अक्षर घेईना.

"नाव काढ," साईराज म्हणाला. "नाव वाचून मार्क देनार हायती का ते? कोन धनाजी, काय त्यास्नी?"

आणि बरोबर बोलत होता तो. मी दादाकडं बघितलं. दादा समोर बघत होता. एक बाई लोणंदची गाडी कुठं लागती विचारत फिरत होती, तिला त्यानं बोटानं फलाट दाखवला. मग म्हणाला, "कंदिलाचं काढ."

"दादा, कंदील काढला तर ब कशावरून म्हणायचं?"

"काढ. मी सांगतो ते घाल."

मी सगळं पुसलं. तो सांगत गेला, अगदी हळू, डेअरीत नोंद सांगतात तसं. हा उतारा श्री. जालिंदर होवाळ यांनी आपले थोरले बंधू धनाजी दत्तू होवाळ यांचे नाव छापून यावे यासाठी लिहिला. ते हळदीच्या पेवात गुदमरून वारले. मूळ लेखात शेवटची ओळ त्यांची आहे. उताऱ्यात ती वगळली आहे.

"आनि?" साईराज म्हणाला.

"बास."

"दादा, येडा झालायस का? ह्यात ब कुठं हाय? तुझं काय हाय ह्यात?"

"दारात बोलले ते, गड्या," दादा म्हणाला. "चपला घालताना."

गाडीचा कंडक्टर बेल मारायला लागला. साईराज रागानं पुढं जाऊन चढला. दादा त्याच्या मागनं. सबमिटचं बटण माझ्या अंगठ्याखाली.

पुढचं थोडक्यात. अंतिम उत्तरं आली, त्या प्रश्नाचं उत्तर अ च राहिलं. यादी लागली. दादाचं नाव नव्हतं. त्या रविवारी त्यानं नव्या पोरींना उतारा शिकवला, आणि सोमवारी मला म्हणाला, किल्ली घेऊन जा केंद्रावरनं, आता कुलूप तू उघडत जा.

मी गेले तेव्हा दूध घेणं चालू होतं. रांग होती. दादा फॅट लावत होता आणि त्याचा फोन वाजला. हात ओला, म्हणून स्पीकरवर टाकला. जालिंदरतात्या. मी आवाज ओळखला.

बोलणं काय तर, पाऊस हाय का तिकडं. हाय. जांभळं लागल्यात, पोरास्नी घेऊन ये. येतो. गुडघं? हायती तसंच. रांगेतल्या बाया किटल्या आपटायला लागल्या. "बरं, ठेवू का?" म्हातारा म्हणाला. दादा थांबला. मी पण थांबले, कारण आता येणार हे दोघांनाही माहीत होतं.

"बरं, ते पाठवलंस न्हवं?"

"पाठवलं, बाबा. नाव गेलं वर. धनाजी दत्तू होवाळ. पुरं गेलं."

मग, "आनि तुजं? तुजं झालं का काम?"

"माजं बी झालं," दादा म्हणाला. "त्याच सहीवर झालं."

"मंग पेढं?"

"आणतो की."

फोन ठेवला. खिशातनं किल्ली काढून माझ्या हातात दिली, पुढच्या बाईची किटली घेतली आणि नेहमीसारखं म्हणाला, "मावशी, पाणी कमी घाला, मशीन लाजतंय."

आता बोल. कारण मला ते विट्याचं बाकडं जात नाहीये डोक्यातनं. दोघं गाडीत चढले होते, दादाची पाठ होती माझ्याकडं. पहिला मजकूर मला तोंडपाठ होता, कंदील, इशारा, सबब पर्याय ब. तो परत टाकला असता तर कुणालाही कधीच कळलं नसतं, दादालाही नाही. धनाजीचं नाव तेवढं राहून गेलं असतं. मी नाही टाकला. जे त्यानं सांगितलं तेच पाठवलं आणि पळत जाऊन गाडी धरली.

मोबाइल तुझ्या हातात असता, संयोगिता, तर तू काय केलं असतंस?